दूध संकलनाची तीच फाइल पुन्हा आली तरी नोंद एकदाच राहावी: पोस्टग्रेसमध्ये कसं करावं?

संकलन_डेस्क (प्रश्न)

१४० दूध संकलन केंद्रांच्या नोंदी एका पोस्टग्रेस १४ डेटाबेसमध्ये गोळा होतात. एका केंद्रावर एका पाळीला सरासरी १५० सभासद दूध घालतात. केंद्रावरचं ॲप सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या ओळींची साधी फाइल) पाठवतं आणि सर्व्हरवर पायथनचे दोन वर्कर (एकाच वेळी चालणारे प्रोग्राम) त्या फाइली वाचतात. खेड्यात नेटवर्क अडखळतं, म्हणून ॲप दिवसातून साधारण १२ वेळा मागच्या १० दिवसांच्या सगळ्या नोंदी पुन्हा पाठवतं. म्हणजे तीच ओळ अनेकदा येणारच, हे धरूनच चालायचं आहे.

एक ओळ अशी असते: केंद्र १७, दिनांक १२/०६, पाळी सकाळ, सभासद ००४२, गाय, ६.५ लिटर, फॅट ३.९, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) ८.५.

सध्या कोड प्रत्येक ओळीसाठी आधी सिलेक्ट करून बघतो. नोंद सापडली तर अपडेट, नाही सापडली तर इन्सर्ट. बहुतेक वेळा बरोबर चालतं, पण अधूनमधून एकाच सभासदाच्या एकाच पाळीच्या दोन नोंदी पडतात आणि दहा दिवसांच्या बिलात ६.५ लिटरचे १३ लिटर होतात. सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होतो किंवा काहीच होत नाही असा आज्ञांचा गट) घालूनही दुहेरी नोंदी थांबल्या नाहीत.

तीन गोष्टी हव्या आहेत. दुहेरी नोंद पडणं कायमचं बंद करायचं आहे. आधी पडलेल्या दुहेरी नोंदी काढायच्या आहेत. आणि काही जुन्या केंद्रांवर मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आहे, तिथे हीच आज्ञा चालेल का?

कुलूपकिल्ली

«आधी बघा, मग घाला» ही पद्धतच इथे चुकते. पहिल्या वर्करने सिलेक्ट केलं, नोंद नाही. त्याच क्षणी दुसऱ्यानेही सिलेक्ट केलं, त्यालाही नोंद नाही, कारण पहिल्याचं कमिट (काम पक्कं करणं) अजून झालेलं नाही. दोघेही इन्सर्ट करतात आणि दोघांचंही यशस्वी होतं. ट्रान्झॅक्शनने हे थांबत नाही. ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवायची पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड आहे आणि तिच्यात दुसऱ्याचं कमिट न झालेलं काम दिसत नाही. जी ओळ अजून अस्तित्वातच नाही तिच्यावर सिलेक्ट फॉर अपडेटनेही कुलूप लागत नाही.

दुहेरी नोंद अडवायचं काम डेटाबेसकडे द्या. टेबलवर युनिक कन्स्ट्रेंट (ठरलेल्या कॉलमांच्या त्याच किमती, म्हणजे तीच किल्ली, दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावा आणि सिलेक्ट काढून टाकून एकच आज्ञा द्या. (सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करा.)

इन्सर्ट इन्टू संकलन (केंद्र, दिनांक, पाळी, सभासद, दूधप्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ)
व्हॅल्यूज (…)
ऑन कॉन्फ्लिक्ट (केंद्र, दिनांक, पाळी, सभासद, दूधप्रकार)
डू अपडेट सेट लिटर = एक्सक्लुडेड.लिटर, फॅट = एक्सक्लुडेड.फॅट, एसएनएफ = एक्सक्लुडेड.एसएनएफ;

एक्सक्लुडेड म्हणजे घालायला आणलेली, पण किल्ली आधीच असल्यामुळे आत न गेलेली ओळ. ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. दोन वर्कर एकाच क्षणी आले तर दुसरा पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबतो आणि मग अपडेट करतो.

कंसातले कॉलम युनिक कन्स्ट्रेंटच्या कॉलमांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एखादा राहिला किंवा जास्त झाला तर «देअर इज नो युनिक ऑर एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट मॅचिंग» अशी एरर येते. कंसातला क्रम मागेपुढे झाला तर चालतं.

आणखी एक. लिटर = संकलन.लिटर + एक्सक्लुडेड.लिटर असं कधीही लिहू नका. तुमची फाइल दिवसाला १२ वेळा येते. बेरीज ठेवली तर संध्याकाळपर्यंत ६.५ लिटरचे ७८ लिटर होतील.

मापात_माप

वरची आज्ञा बरोबर आहे, पण किल्ली चुकीची निवडली आहे आणि हे सगळ्यात आधी ठरायला हवं. एकच सभासद एकाच पाळीला गाईचं दूध दोनदा घालू शकतो. सकाळी पहिल्या धारेची ६ लिटरची किटली आली, तासाभराने राहिलेल्या गाईचं ४ लिटर आलं. दोन वजनं, दोन फॅट, दोन पावत्या. केंद्र, दिनांक, पाळी, सभासद, दूधप्रकार ही किल्ली धरली तर दुसरी नोंद पहिलीवर बसते आणि शेतकऱ्याचे ६ लिटर नाहीसे होतात, तेही एरर न येता. दुहेरी नोंद निदान बिलात डोळ्यांवर येते. पुसलेली नोंद कुठेच दिसत नाही, सभासद पावत्या घेऊन दारात आला तरच कळते.

त्यामुळे «कोणत्या दोन ओळी एकच आहेत» याचं उत्तर केंद्रावर विचारून घ्या, कॉलमांकडे बघून ठरवू नका. यंत्र प्रत्येक मापाला पावती क्रमांक देतं. तो फाइलमध्ये असेल तर किल्ली (केंद्र, दिनांक, पाळी, पावती) अशी करा आणि सभासद किल्लीबाहेर ठेवा.

सभासद बाहेर ठेवल्याने दुरुस्तीही सोपी होते. ऑपरेटरने २४ ऐवजी ४२ दाबलं आणि मागाहून दुरुस्त केलं, असं समजा. सभासद किल्लीत असेल तर दुरुस्त ओळ नवी नोंद म्हणून २४ च्या नावावर पडेल आणि ४२ ची चुकीची नोंद तशीच राहील. ऑन कॉन्फ्लिक्ट ओळ घालतं किंवा बदलतं, काढत कधीच नाही. पावती किल्लीत असेल तर तीच नोंद ४२ वरून २४ वर जाते.

दूधप्रकाराबद्दलही सावध राहा. जुन्या यंत्रांच्या फाइलीत तो कॉलम रिकामा येतो आणि रिकाम्याचं नल (किंमतच नाही अशी खूण) होतं. युनिक कन्स्ट्रेंटच्या दृष्टीने एक नल दुसऱ्या नलसारखा नसतो. किल्लीतल्या एका जरी कॉलममध्ये नल असेल तर तीच ओळ हजार वेळा आत जाईल आणि कन्स्ट्रेंट एकदाही हरकत घेणार नाही. पोस्टग्रेस १५ मध्ये नल्स नॉट डिस्टिंक्ट लिहिता येतं. तुमच्याकडे १४ आहे, म्हणून किल्लीतला प्रत्येक कॉलम नॉट नल करा आणि माहिती नसेल तिथे «अज्ञात» अशी ठरलेली किंमत भरा.

संकलन_डेस्क

पावती कॉलम फाइलमध्ये आहे, आम्ही तो वापरतच नव्हतो. क्रमांक प्रत्येक पाळीला १ पासून सुरू होतो. चाचणी डेटाबेसवर तुम्ही सांगितलेला कन्स्ट्रेंट लावला आणि एक अख्खी फाइल एकाच इन्सर्टमध्ये टाकली, तर ही एरर आली: «ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट कमांड कॅनॉट अफेक्ट रो अ सेकंड टाइम». ओळ-ओळ टाकली तर येत नाही. मग ओळ-ओळच टाकू का?

शिवाय पाळी चालू असताना वीज गेली की काही यंत्रांचा पावती क्रमांक पुन्हा १ वर येतो. त्याचं काय करायचं?

ओळीत_या

ओळ-ओळ टाकू नका. ती एरर तुमच्या फायद्याची आहे. एकाच फाइलमध्ये एकाच किल्लीच्या दोन ओळी आहेत आणि त्यातली कोणती खरी हे पोस्टग्रेस ठरवू शकत नाही, म्हणून ते थांबलं. ओळ-ओळ टाकल्यावर हाच झगडा न दिसता मिटतो, जी शेवटची आली ती राहते. आणि तुम्ही सांगितलेला वीज गेल्याचा प्रकार नेमका याच दोन ओळींतून दिसणार आहे. तो झाकू नका.

फाइल थेट मुख्य टेबलात नेऊ नका. कॉपी आज्ञेने आधी कच्च्या टेबलात भरा. कॉपीला ऑन कॉन्फ्लिक्ट जोडता येत नाही, त्यामुळे मधलं टेबल लागतंच. ते टेम्पररी ठेवा, सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा, कन्स्ट्रेंट एकही नको. ४,००,००० ओळी कॉपीने भरायला काही सेकंदच लागतात. वेळ जातो तो एकेक ओळ पाठवून उत्तराची वाट बघण्यात.

कच्च्या टेबलातून मुख्य टेबलाकडे जाताना तीन टप्पे, तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

पहिल्या टप्प्यात सगळ्या कॉलमांत सारख्या असलेल्या ओळी डिस्टिंक्टने एकेकच ठेवा. त्यात धोका नाही.

त्यानंतरही ज्या किल्लीच्या एकाहून जास्त ओळी उरतात, त्या केंद्र, दिनांक, पाळी, पावतीवर ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त, असं करून शोधा. त्या सगळ्या तपासणी टेबलात टाका आणि इन्सर्टमधून वगळा. इथे डिस्टिंक्ट ऑन लावून «सगळ्यात नवी ठेवा» करायचा मोह होतो. एरवी ते ठीक असतं, पण इथे पावती ५ दोनदा आली आणि एकीवर सभासद ४२, दुसरीवर ११८ असेल तर ते बहुधा दोन वेगळ्या शेतकऱ्यांचं दूध आहे.

तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या ओळींचा (खाली स्वच्छ_ओळी) इन्सर्ट. कार्यालय_दुरुस्ती हा मुख्य टेबलात ठेवायचा हो/नाही कॉलम, कार्यालयात हाताने बदललेल्या ओळीला ट्रू:

इन्सर्ट इन्टू संकलन (…)
सिलेक्ट … फ्रॉम स्वच्छ_ओळी
ऑर्डर बाय केंद्र, दिनांक, पाळी, पावती
ऑन कॉन्फ्लिक्ट (केंद्र, दिनांक, पाळी, पावती)
डू अपडेट सेट लिटर = एक्सक्लुडेड.लिटर, फॅट = एक्सक्लुडेड.फॅट, एसएनएफ = एक्सक्लुडेड.एसएनएफ
व्हेअर संकलन.सभासद = एक्सक्लुडेड.सभासद
अँड संकलन.कार्यालय_दुरुस्ती = फॉल्स
अँड (संकलन.लिटर, संकलन.फॅट, संकलन.एसएनएफ) इज डिस्टिंक्ट फ्रॉम (एक्सक्लुडेड.लिटर, एक्सक्लुडेड.फॅट, एक्सक्लुडेड.एसएनएफ);

ऑर्डर बाय शोभेसाठी नाही. एका वर्करने पावती ५ धरली आहे आणि त्याला ९ हवी आहे, दुसऱ्याने ९ धरली आहे आणि त्याला ५ हवी आहे, असं झालं की डेडलॉक होतो आणि पोस्टग्रेस एकाला ४०पी०१ ही एरर देऊन पाडतं. दोघेही एकाच क्रमाने चालले की एकमेकांना अडकवत नाहीत. त्याहून सोपं हवं असेल तर ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला केंद्र क्रमांकावर ॲडव्हायजरी लॉक (ओळीवर नाही, आपण दिलेल्या आकड्यावरचं कुलूप) घ्या. मग एका केंद्राची एकावेळी एकच फाइल पुढे सरकते, बाकीची १३९ केंद्रं अडत नाहीत.

व्हेअरमधली पहिली अट वीज गेल्याच्या प्रकारासाठी आहे. तीच पावती पण वेगळा सभासद दिसला की ओळ बदलायची नाही. दुसरी अट अशासाठी की कार्यालयात हाताने फॅट ३.९ वरून ४.१ केला, तर तासाभराने ॲपने पाठवलेल्या जुन्या ओळीने तो परत ३.९ होऊ नये. तुमचं ॲप मागचे १० दिवस पुन्हा पुन्हा पाठवतं, त्यामुळे ही अट नसेल तर कार्यालयातली कुठलीच दुरुस्ती टिकणार नाही.

तिसऱ्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण तुमच्या आकड्यांवर तिचाच भार सगळ्यात मोठा आहे. १४० केंद्रं, १५० ओळी, २ पाळ्या, १० दिवस म्हणजे एका फेरीत ४,२०,००० ओळी आणि १२ फेऱ्यांत ५०,४०,०००. पोस्टग्रेस अपडेटमध्ये जुनी ओळ जागेवर बदलत नाही, नवी आवृत्ती लिहितं आणि जुनी मृत म्हणून सोडतं, किमती सारख्या असल्या तरीही. अट नसेल तर दिवसाला सुमारे ५० लाख मृत ओळी साठतील, टेबल फुगेल आणि ऑटोव्हॅक्यूम (मृत ओळी आपोआप साफ करणारी प्रक्रिया) सतत मागे पडेल. अट घातली की खरंच बदललेल्या ओळीच लिहिल्या जातात. इथे साधं बरोबर-नाही हे चिन्ह चालणार नाही, कारण एका बाजूला नल असला की उत्तरही नल येतं आणि ओळ सुटते. इज डिस्टिंक्ट फ्रॉम नललाही किंमत धरून तुलना करतं.

व्हेअरमध्ये अडलेल्या ओळी एरर देत नाहीत आणि रिटर्निंगमध्येही (घातलेल्या-बदललेल्या ओळी परत देणारा आज्ञेचा भाग) येत नाहीत. त्यामुळे इन्सर्टनंतर कच्च्या ओळी मुख्य टेबलाशी किल्लीवर जोडा. जिथे सभासद जुळत नाही त्या तपासणी टेबलात टाका. ती ऑपरेटरची दुरुस्ती आहे की यंत्राचा क्रमांक उलटला आहे, हे केंद्रावर फोन करूनच ठरेल. मापात_माप यांनी सांगितलेली ४२ ची २४ ही दुरुस्तीही याच वाटेने जाऊ द्या, आपोआप नको. या एका मुद्द्यावर माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे.

मापात_माप

क्रमांक उलटण्याचा धोका धरला तर तपासणीची वाट मलाही मान्य आहे. माझी सूचना क्रमांक न उलटणाऱ्या यंत्रांपुरती समजा.

कुलूपकिल्ली

दोन गोष्टी राहिल्या.

आयडी सिरियल (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तर आत्ताच बिगइंट (मोठा पूर्णांक) करा. ऑन कॉन्फ्लिक्टमध्ये ओळ आत गेली नाही तरी सिक्वेन्सचा क्रमांक खर्च होतो आणि परत मिळत नाही. दिवसाला ५०,४०,००० क्रमांक जाऊ लागले तर इंटिजरची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा सुमारे ४२६ दिवसांत संपते. त्यानंतर एकही नवी नोंद पडणार नाही. टेबलात मर्यादेच्या मानाने ओळी थोड्याच असताना हे होतं, म्हणून कारण सापडायला वेळ लागतो. आयडीत मोकळ्या जागा दिसणार, त्यांची काळजी करू नका, पण आयडीला पावती क्रमांक म्हणून छापूही नका.

दुसरं, टेबलवर ट्रिगर (ओळ घालता-बदलताना आपोआप चालणारा कोड) आहेत का बघा. ओळ शेवटी अपडेटकडे वळली तरी बिफोर इन्सर्ट ट्रिगर आधी चालून गेलेला असतो. त्यात सभासदाची दहा दिवसांची बेरीज वाढवत असाल तर नोंद एक आणि बेरीज बारापट, असा प्रकार होईल. बेरीज साठवूच नका, बिलाच्या वेळी काढा.

झाडलोट

जुन्या दुहेरी नोंदींबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. त्या साफ केल्याशिवाय युनिक कन्स्ट्रेंट लागणारच नाही.

आधी संपूर्ण टेबलची प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवा. मग दुहेरी नोंदी शोधा. गटातल्या ओळींना क्रमांक देणारं रो_नंबर हे विंडो फंक्शन वापरा, पार्टिशन बाय केंद्र, दिनांक, पाळी, पावती आणि ऑर्डर बाय कार्यालय_दुरुस्ती उतरत्या क्रमाने, मग आयडी. क्रमांक १ ठेवायची, बाकीच्या काढायच्या उमेदवार. जुन्या नोंदींत पावती साठवलेलीच नसेल, आणि तुम्ही वापरत नव्हता म्हणताय म्हणजे नसणारच, तर मूळ सीएसव्ही फाइली शोधून पावती परत भरा. फाइली मिळाल्या नाहीत तर लिटर, फॅट आणि एसएनएफ तिन्ही तंतोतंत सारखे असलेल्या जोड्याच दुहेरी धरा आणि वेगळ्या आकड्यांच्या नोंदींना हात लावू नका. ६.५ लिटर आणि ६.५ लिटर, पण फॅट ३.९ आणि ४.२, ही दोन मापं असतात.

डिलीट करण्याआधी कोणती टेबलं या आयडीकडे बोट दाखवतात ते बघा. कपातीची किंवा बिलाच्या तपशिलाची ओळ काढायच्या आयडीला जोडलेली असेल तर आधी ती ठेवायच्या आयडीकडे वळवा. फॉरेन कीवर (या टेबलांच्या जोडणीवर) ऑन डिलीट कॅस्केड असेल तर न वळवता केलेला डिलीट बिलाचा तपशीलही बरोबर घेऊन जाईल.

ज्या दहा दिवसांचं बिल वाटून झालंय तिथली दुहेरी नोंद काढू नका. पैसे गेलेले आहेत आणि नोंद काढली तर हिशोब कागदाशी जुळणार नाही. तिथे पुढच्या बिलात उलट नोंद टाकून वसुली दाखवा आणि सभासदाला आधी कळवा. उलट नोंदीला स्वतःचा पावती क्रमांक आणि प्रकार द्या, नाहीतर ती मूळ नोंदीच्याच किल्लीवर आदळेल.

शेवटी युनिक कन्स्ट्रेंटसाठी लागणारा इंडेक्स. क्रिएट युनिक इंडेक्स कंकरंटली वापरा, म्हणजे संकलन चालू असताना टेबल अडत नाही. ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. मध्येच एखादी दुहेरी नोंद सापडली तर आज्ञा अयशस्वी होते, पण अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड अवस्थेत मागे राहतो. तो ड्रॉप करून साफसफाई पुन्हा करा आणि पुन्हा बनवा. वैध झाला की ऑल्टर टेबल ॲड कन्स्ट्रेंट युनिक यूझिंग इंडेक्स. दोन्ही वर्कर थांबवून संध्याकाळच्या पाळीनंतर रात्री केलंत तर हा ताण उरत नाही.

जुनं_केंद्र

मायएसक्यूएलचं थोडक्यात. तिथे ऑन कॉन्फ्लिक्ट नाही, ऑन डुप्लिकेट की अपडेट आहे. कोणती किल्ली ते सांगता येत नाही, टेबलवरच्या कुठल्याही युनिक किल्लीवर आदळलं तरी अपडेट होतं. म्हणून त्या टेबलवर प्रायमरी की सोडून एकच युनिक किल्ली ठेवा. नव्या किमतीसाठी पूर्वी व्हॅल्यूज फंक्शन लिहायचे, ते ८.०.२० पासून कालबाह्य ठरवलंय. ८.०.१९ पासून घालायच्या ओळीला ॲज नवी असं टोपणनाव देऊन नवी.लिटर लिहिता येतं. परत येणारा आकडा ओळ घातली तर १, बदलली तर २ आणि आधीच तशीच असेल तर ०. त्या २ मुळे «दोन नोंदी पडल्या» असा गैरसमज होतो, तसं नसतं.

रिप्लेस इन्टू वापरू नका. ते जुनी ओळ खरोखर डिलीट करून नवी घालतं. आयडी बदलतो, आज्ञेत न लिहिलेल्या कॉलमांत डिफॉल्ट किमती बसतात आणि कॅस्केड असेल तर जोडलेल्या ओळी जातात. इन्सर्ट इग्नोर त्याहून फसवं आहे. दुहेरी किल्लीबरोबर ते इतर चुकाही नुसत्या वॉर्निंगमध्ये बदलतं. मर्यादेबाहेरचं लिटर कापून आत बसवतं आणि काम झालं म्हणतं.

केंद्रावरच्या ॲपमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असेल तर ३.२४ पासून, म्हणजे २०१८ पासून तिथे पोस्टग्रेससारखंच ऑन कॉन्फ्लिक्ट आहे. फक्त इन्सर्टमध्ये सिलेक्ट वापरला तर त्याला व्हेअर ट्रू तरी जोडा, नाहीतर ऑनचा अर्थ जोडणीचा ऑन असा लागून एरर येते. इन्सर्ट ऑर रिप्लेसला वरचेच दोष लागू आहेत.

अक्षरजुळणी

किल्ली बरोबर असूनही दुहेरी नोंदी पडत राहिल्या तर अक्षरं तपासा. डोळ्यांना सारखं दिसणारं डेटाबेसला सारखं असतंच असं नाही.

सभासद ००४२ असलेली फाइल कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की त्याचं ४२ होतं. टेक्स्ट कॉलममध्ये हे दोन वेगळे सभासद आहेत. एकतर इंटिजर करा, नाहीतर एलपॅडने (डावीकडे शून्यं भरून) नेहमी चार अंकी करा. काही ठिकाणी देवनागरी आकडे येतात. पायथनचं इंट त्यांना मुकाट्याने समजून घेतं, पोस्टग्रेसचा इंटिजर कास्ट (आकड्यात रूपांतर) एरर देतो आणि टेक्स्ट कॉलम त्यांना वेगळी किंमत म्हणून ठेवतो. म्हणजे ओळ कोणत्या वाटेने आली त्यावर निकाल बदलतो. कच्च्या टेबलातून निघतानाच ट्रान्सलेटने सगळे आकडे एका प्रकारचे करा.

रिकाम्या जागा काढायला बीट्रिम पुरत नाही. ते फक्त साधी स्पेस काढतं. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते, ती तशीच राहते.

नाव किल्लीत घेऊ नका. घ्यावंच लागलं, उदाहरणार्थ गावाचं, तर किमान नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक) करा. ऱ हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र ला नुक्ता जोडूनही. पोस्टग्रेस १३ पासूनचं नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात दोन्ही एक करतं. पण ॲ ला ते पुरत नाही. ते एक अक्षर म्हणून टाइप केलं किंवा अ वर ॅ चढवला तरी पडद्यावर सारखंच दिसतं, एनएफसी मात्र त्यांना एक करत नाही. शब्दात दडलेला शून्य रुंदीचा जोडकही तसाच राहतो. हे दोन्ही स्वतः रिप्लेसने सुधारावे लागतात. शंका आली की लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ दोन्ही काढून बघा. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे जास्तीचं चिन्ह लगेच उघडं पडतं.

तारखेचंही बघा. १२/०६ हा बारा जून की सहा डिसेंबर, हे डेटस्टाइल सेटिंगवर ठरतं आणि दोन वर्करचं सेटिंग वेगळं असेल तर एकच पावती दोन तारखांना पडते. टू_डेटमध्ये साचा लिहून द्या, सेटिंगच्या भरवशावर राहू नका.

संकलन_डेस्क

चाचणीत तुम्ही म्हणता तेच निघालं. केंद्र १७ च्या एका फाइलमध्ये पावती ५ दोनदा होती, सभासद वेगळे. आता कच्चं टेबल, तपासणी टेबल आणि अटींसह इन्सर्ट लावला आहे. तीच फाइल लागोपाठ तीनदा टाकली, ओळींची संख्या हलली नाही. एकच उरलं. प्रत्येक फेरीत किती नव्या पडल्या आणि किती बदलल्या हे केंद्राला कळवायचं आहे. रिटर्निंगमधून दोन्ही मिसळून येतात.

ओळीत_या

रिटर्निंगमध्ये आयडीबरोबर (एक्समॅक्स = ०) हेही मागा, एक्समॅक्स हा प्रत्येक ओळीवरचा पोस्टग्रेसचा आतला कॉलम आहे. नव्याने पडलेल्या ओळीला ते ट्रू येतं, अपडेट झालेल्या ओळीला फॉल्स. हे दस्तऐवजात दिलेलं वचन नाही, आतल्या रचनेवरून मिळणारी खूण आहे, म्हणून फक्त मोजणीसाठी वापरा, बिलाचा निर्णय त्यावर ठेवू नका. न बदललेल्या ओळी रिटर्निंगमध्ये येणारच नाहीत, त्यांचा आकडा स्वच्छ ओळींच्या संख्येतून वजा करून काढा आणि त्यातून सभासद न जुळल्यामुळे व कार्यालय दुरुस्तीमुळे अडलेल्या वेगळ्या दाखवा. केंद्राला चार आकडे द्या: नव्या, बदललेल्या, तशाच, तपासणीत. चौथा आकडा शून्य नसेल तर त्यासोबत पावती क्रमांकही पाठवा, म्हणजे ऑपरेटर त्याच पाळीत पावती पुस्तकाशी ताडून बघू शकेल.